एकोणीस हिरव्या पट्ट्या

सोमवार, १४ जुलै २०२५

लायब्ररीच्या कपाटात या वर्षाची एक कोरी डायरी पडून होती, कुठल्याशा प्रकाशकाने फुकट पाठवलेली. अर्धं वर्ष सरलं तरी कुणी हात लावला नाही. म्हटलं, आपणच लिहू. बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं पुसून, झटकून जागेवर ठेवतोय. दहावी नापास सहदेव राऊळ आज चार शब्द धड लिहितो ते याच कपाटांच्या कृपेने. मार्चअखेर रिटायर होणार. मग कसली लायब्ररी आणि कसलं काय.

आज आमच्या प्रिन्सिपलनी, चंद्रप्रकाश सरांनी, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. शिपायांनासुद्धा. नवीन धोरण आलंय. पहिल्या वर्षाच्या गणिताचे आठवड्याला चार तास असतात. त्यातले दोन यापुढे वर्गात, दोन पोर्टलवर. मुलांनी आपापले व्हिडिओ बघायचे. बघतील तशी नावापुढची पट्टी हिरवी होत जाते. पंचाहत्तर टक्के हिरवी झाली नाही तर हॉलतिकीट नाही.

"शिक्षण आता मुलांच्या दारात!" सर म्हणाले.

माझ्या शेजारी नलिनी मॅडम होत्या. गणित त्याच शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास आहे तोवर नोकरी आहे. हळूच म्हणाल्या, "काका, दारात ठेवलं म्हणजे घरात गेलं का हो?"

मला हसू आलं. या मॅडम बोलण्यात तिखट, पण शिकवायला लागल्या की खिडकीबाहेरचा कावळासुद्धा गप्प बसतो.

लायब्ररीतले आठ कॉम्प्युटर मुलांसाठी उघडे ठेवायचे, ते माझ्याकडे. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. बटणं दाबत गेलो, काय बिघडतंय ते बघत गेलो.

शुक्रवार, १८ जुलै

प्रीतम म्हणून एक पोरगा आहे. एअरपोर्टच्या कार्गोत रात्रपाळी करून सकाळी सातच्या वर्गाला येतो. आज व्हिडिओ लावून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. तोंड उघडं, मान लोंबलेली. व्हिडिओ दर पाच मिनिटांनी थांबतो आणि 'पुढे' दाबेपर्यंत हलत नाही. याची पट्टी बत्तीसवर अडकलेली.

उठवायला हात पुढे केला आणि त्याची नखं दिसली. दोरखंडाने सोललेली. उठवलं नाही. 'पुढे' दाबलं. पाच मिनिटांनी परत दाबलं. एक धडा संपला, पट्टी चाळीसवर.

जागा झाल्यावर म्हणतो, "काका, तुम्ही देव आहात यार."

देव कसला. दोन बोटांचं काम.

सोमवार, ११ ऑगस्ट

नारळीपौर्णिमा झाली. वेसाव्याच्या होड्या समुद्रात गेल्या आणि हेमांगी वर्गातून गेली.

ही कोळ्यांची मुलगी. घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिलीच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा रोज पहिल्या बाकावर. नलिनी मॅडमना इतके प्रश्न विचारायची की मागची पोरं ओरडायची, "ए बस ना आता!" पण सीझन सुरू झाला की पहाटे आईबरोबर बंदरावर लिलावाला जायचं, मग दहापर्यंत बाजारात बसायचं. आईचा गुडघा गेलाय, टोपली उचलवत नाही.

आज अकराला धावत आली. म्हणाली, "काका, सकाळचा वर्ग गेला माझा. निदान पट्टी तरी व्हायला पाहिजे. माझ्या फोनवर व्हिडिओ चालतच नाही, अन् घरी वही घेऊन बसले की आई हाक मारते. प्रीतम म्हणाला, तुम्ही करून देता."

"तो प्रीतम म्हणजे गावभर दवंडी."

"द्या ना करून. एवढी एकच परीक्षा जड आहे मला. यात गेले तर बाबा म्हणतील, बस झालं कॉलेज. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात क्लार्क घेणार आहेत, पण पदवी पाहिजे. काका, मला आयुष्यभर टोपलीच उचलायची नाहीये."

आयडी-पासवर्ड कागदावर लिहून दिला. कागदाला मांदेलीचा वास. मी वहीत उतरवून घेतला.

बुधवार, २० ऑगस्ट

एकोणीस झाले. कुणी कुरिअरवाला, कुणी सकाळी दुधाची लाईन टाकतो, एकीच्या कडेवर लहान भाऊ. आठही कॉम्प्युटर एका रांगेत, आवाज बंद, मी चाकाच्या खुर्चीवर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत 'पुढे, पुढे' दाबत जातो. लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरतो ना, तसा. पट्टी हिरवी झाली की माझंच पोट भरल्यासारखं वाटतं.

नलिनी मॅडमच्या वर्गात आज सहा जण होते म्हणे. पट्टी होतेय म्हटल्यावर सकाळी येणारेही येईनासे झाले. मॅडम लायब्ररीत येऊन नुसत्याच बसल्या. मी चहा दिला.

"काका, माझं शिकवणं पूर्वीसारखं राहिलं नाही का?"

"छे हो, असं कोण म्हणतं?"

"कोणी म्हणत नाही. पोर्टलवर सगळे ऐंशी-नव्वद टक्के बघतायत. वर्गात मात्र नको झालेय मी."

मॅडमचं डोकं दुखत असेल. हवाच तशी आहे. मी म्हटलं, जरा आराम करा.

शुक्रवार, २९ ऑगस्ट, गावी

गणपतीला कणकवलीजवळ आमच्या गावी आलोय. पट्ट्यांचा पहिला आकडा उद्या वर जातो, म्हणून वही बरोबर आणली. घरात नेटवर्कचं नाव नाही. चिऱ्याच्या खाणीपलीकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, एका विशिष्ट दगडाजवळ दोन काड्या येतात. माझा फोन आणि मेव्हण्याचा फोन घेऊन तीन दिवस तिथे ठाण मांडून आहे. आरती सोडून, छत्री धरून.

मेव्हणा विचारतो, "भावोजी, हय काय शेअर बाजार चालता की काय?"

बायको, कृष्णा, जेवण घेऊन वर आली. दोन फोन, वही आणि मी, बघत उभी राहिली.

"पोरांचा तुमी शिकतास?"

"नाय गो. नुसता बटण दाबूचा."

"म्हणजे कोणच शिकणा नाय."

मी म्हटलं, तुला त्यातलं कळायचं नाही. ती डबा ठेवून उतरून गेली. भाजी आळणी होती की माझ्याच तोंडाची चव गेली होती, देव जाणे.

सोमवार, ८ सप्टेंबर

आज मोठा दिवस! आमच्या ट्रस्टची चार कॉलेजं. त्यात पोर्टलमध्ये आमचं पहिलं, चौऱ्याण्णव टक्के. चंद्रप्रकाश सरांनी पडद्यावर नकाशा दाखवला. कुठून कुठून मुलं पोर्टलवर आली त्याचे ठिपके. अंधेरी, जोगेश्वरी, सांताक्रूझ, आणि खाली दूर सिंधुदुर्गात एक भलामोठा ठिपका.

"बघा!" सर म्हणाले. "गणपतीच्या सुट्टीत, कोकणातल्या खेड्यातून आपली एकोणीस मुलं रोज गणित शिकत होती. सणासुदीला! याला म्हणतात पोहोच."

टाळ्या पडल्या. तो ठिपका म्हणजे मी, छत्रीखाली.

मग माझं नाव पुकारलं. 'डिजिटल साथी' म्हणून शाल आणि नारळ. लायब्ररी सकाळपासून उघडी ठेवली म्हणून. मी स्टेजवर गेलो. काय करणार, पाय आपोआप गेले. परत येताना नलिनी मॅडमकडे बघितलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, त्या नकाशाकडेच बघत होत्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ऑफिसातल्या श्यामकांतने नोटीसबोर्डावर कागद लावला. पोर्टलला मिळालेला प्रतिसाद पाहता १ ऑक्टोबरपासून पहिल्या वर्षाचं गणित पूर्णपणे पोर्टलवर. वर्गातले तास बंद.

मी तीनदा वाचला. श्यामकांतला विचारलं, "म्हणजे नलिनी मॅडम?"

"तास नाही म्हणजे मॅडम नाही. साधं गणित आहे, राऊळ." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

बोर्डासमोर उभं राहवेना. माझ्या एकेका 'पुढे'ने मॅडमना एकेक पाऊल मागे ढकललं, हे आत्ता, सगळं झाल्यावर, डोक्यात शिरलं. बैल गेला आणि झोपा केला.

शनिवार, १३ सप्टेंबर

कृष्णाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवशीन पोराक घास चावन भरवलो तर पोराचे दात येतले कधी?"

"माझ्या मनात वाईट नव्हतं गो."

"ता माका म्हायत हा. म्हणूनच कोणी तुमका आडवूक नाय."

बुधवार, १७ सप्टेंबर

वर्गातल्या चाचणीचे पेपर मॅडम लायब्ररीत बसून तपासत होत्या. हेमांगीचा पेपर वर होता. वीसपैकी दोन. जुलैत शिकवलेला भाग तेवढा बरोबर, पुढचं सगळं कोरं. मॅडमनी पोर्टल उघडून तिची पट्टी बघितली. ब्याण्णव टक्के.

"ब्याण्णव टक्के बघून एवढंच? काका, मग दोष माझाच. जुलैत या मुलीला माझं कळत होतं."

मला सांगता आलं असतं. कपाट पुसायला गेलो. आधीच पुसलेलं होतं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. आज चंद्रप्रकाश सरांच्या केबिनमध्ये गेलो, वही समोर ठेवली आणि सगळं ओकलो. सड्यावरच्या दगडासकट.

सरांनी उठून दार लावलं.

"राऊळ, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही."

"सर, आत्ताच सांगितलं."

"मी ऐकलेलं नाही. कागदावर आलं तर काय होईल? आधी एकोणीस हॉलतिकिटं अडकतील. ज्यांच्यासाठी केलंत तीच पोरं बुडतील. मग तुमचं रिटायरमेंट लटकेल, मग मी. बाकीच्या तीन कॉलेजांत पट्ट्या काय आपोआप हिरव्या होतात असं वाटतं तुम्हाला?"

"पण सर, तास बंद होतायत."

"ते वरून ठरलंय. वर फक्त आकडा जातो. माझ्या हातात काय आहे?" आवाज चढला, मग एकदम उतरला. वही माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा ही. फाडून टाका."

वाईट माणूस नाही. त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास झाकलेला होता, गोळ्यांची पट्टी होती. त्यांनाही कुणीतरी वरून 'पुढे, पुढे' करत असणार.

बोललो तर पोरं बुडतात. नाही बोललो तर वर्ग बुडतो आणि मग पोरं बुडतात, जरा उशिरा. इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवार, २० सप्टेंबर

नलिनी मॅडमना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्याच, पण भलत्याच गोष्टीवरून.

"महिनाभर मी आरशासमोर उभी राहून शिकवतेय, राऊळकाका. माझा आवाज बिघडला का, माझे हातवारे वाईट आहेत का म्हणून. नवरा हसायला लागला. आणि तुम्ही मला चहा पाजत होता!"

त्या रडल्या.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "शिकवणाऱ्याच्या खात्यातून पट्टी शून्यावर आणता येते. ३० तारखेपर्यंत माझं खातं चालू आहे. मुलं परत खरोखर बघतील, अडेल तिथे मी शिकवीन. आकडा पडेल, तेव्हा वर कळेल की वर्ग लागतो. पण मुलांना विचारल्याशिवाय मी एकही पट्टी पुसणार नाही. परीक्षा २७ ऑक्टोबरला आहे. पंचाहत्तर झाली नाही तर त्यांचं वर्ष जाईल, तुमचं नाही."

सोमवार, २२ सप्टेंबर

एकोणीस जणांना अकराला बोलावलं. सोळा आले. सरळ सांगितलं. मी चूक केली, यापुढे मी कुणाची पट्टी करणार नाही, आणि ज्याला पटेल त्याने शून्यावरून सुरू करावं. मॅडम रोज अकराला लायब्ररीत शिकवतील.

काय दंगा झाला!

"काका, आत्ता अक्कल आली तुम्हाला?" प्रीतम ओरडला. "झालेली पट्टी कोण पुसतं? येडा आहे का मी?"

"तुझी नव्हतीच ती. माझी होती."

"मग मार्कशीटवर तुमचं नाव घाला!"

सगळे हसले. मीही हसलो असतो, एरवी.

हेमांगी हसली नाही. पिशवी घट्ट धरून उभी होती. "काका, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, यात गेले तर घरी बसवतील म्हणून? वाट लावली तुम्ही माझी." आणि गेली.

बरोबर बोलली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सात जणांनी शून्यावर आणली. प्रीतमने नाही. पण येऊन बसतो, मागच्या टेबलावर, झोपायला आलोय म्हणतो. मॅडम बोलत असताना एक डोळा उघडा असतो, हे मी पाहिलंय.

हेमांगीचा पत्ता नाही. बंदराच्या बाजूने दोनदा चक्कर मारली. ती दिसली, आईच्या शेजारी, बर्फ फोडत. मला बघून मान फिरवली. मी बोंबील घेऊन आलो. कृष्णा म्हणाली, नवरात्रात? ते शेजाऱ्यांना दिले.

सोमवार, २९ सप्टेंबर

अकरा वाजून दहा मिनिटांनी दारात हेमांगी. ओढणीला खवले चिकटलेले. कुणाकडे न बघता मॅडमना म्हणाली, "काल घरी एक गणित सोडवायला बसले. आलं नाही. मग मागचं काढलं, तेही नाही. ब्याण्णव टक्के आहे माझी पट्टी आणि मला एक गणित येत नाही. पुसा मॅडम."

मॅडमनी विचारलं, "नक्की? परत एकदा विचार कर."

"पुसा म्हटलं ना. नाहीतर मी परत पळून जाईन."

मॅडमनी बटण दाबलं. हिरवं गेलं. ती रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली, मग खुर्ची ओढून बसली.

बुधवार, १ ऑक्टोबर

आजपासून मॅडमचा तास कागदावर नाही. तरी त्या अकराला आल्या. मला बघवेना. फुकट राबवून घेणं म्हणजे आणखी एक पाप माझ्या खात्यावर.

दुपारी मला मेमो. कॉलेजचा आकडा चौऱ्याण्णववरून एकाहत्तरवर घसरला. लायब्ररीतील डिजिटल साथी या नात्याने दोन दिवसांत लेखी खुलासा करावा.

श्यामकांत म्हणाला, "लिहून टाक, तांत्रिक अडचण. सगळे तेच लिहितात. कॉम्प्युटरवर ढकललं की माणूस सुटतो."

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा. सगळे सोनं वाटत होते आणि मी खुलासा लिहीत बसलो. चार कागद फाडले, पाचवा राहिला.

लिहिलं की पट्ट्या मी हिरव्या केल्या, गणपतीतला कोकणातला ठिपका माझा एकट्याचा. मुलांची नावं देणार नाही. काही मुलांनी आपण होऊन पट्टी शून्यावर आणली आणि ती आता खरोखर शिकतायत. कुणी पहाटे बंदरावर असतं, कुणी रात्री कार्गोत, त्यांना पोर्टल उपयोगाचं आहेच, पण अडलेलं विचारायला माणूस लागतो. तो तास सकाळी सातला नको, अकराला हवा. हे आकड्यात दिसणार नाही म्हणून लिहून देतो आहे.

श्यामकांतने वाचून डोकं धरलं. "सहदेव, सहा महिने राहिलेत रे तुझे!"

"शिक्का मार."

मारला. जोरात मारला, रागाने.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

अकराच्या तासाला चंद्रप्रकाश सर लायब्ररीच्या दारात येऊन उभे राहिले. मॅडम फळ्याशी. पोरं उठायला लागली तर सरांनी हातानेच बसवलं. हेमांगी पुढे होती, तिलाच विचारलं.

"पोर्टलवर हे सगळं आहे. चांगले व्हिडिओ आहेत. तिथे समजत नाही का?"

हेमांगी घाबरली नाही. लिलावात वाढलेली मुलगी. "समजतं सर, थोडं. पण नाही समजलं की व्हिडिओ मागे नेते, तर तो परत तेच बोलतो. मॅडम परत वेगळं सांगतात."

मागून प्रीतम म्हणाला, "आणि झोपलं की खडू मारतात."

सर हसले नाहीत. तासभर उभे राहिले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

श्यामकांत दोन लिफाफे घेऊन आला.

एक मॅडमचा. परीक्षेपर्यंत गणिताचे जादा तास, रोज अकरा वाजता, १ तारखेपासून धरून. पुढच्या सत्राचं काहीच लिहिलेलं नाही. मॅडमनी वाचून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "परीक्षेपर्यंत तर परीक्षेपर्यंत," म्हणाल्या.

दुसरा माझा. डिजिटल साथी पदावरून मुक्त. सोमवारपासून तळमजल्यावर रेकॉर्डरूम. चौकशीचं नंतर कळवण्यात येईल.

रेकॉर्डरूमला खिडकी नाही. बत्तीस वर्षांत मी तिथे चारदा गेलो असेन, तेही उंदीर मेला म्हणून. बाकी काही नाही, पण पोरांचा आवाज तिथे येत नाही. आणि हेमांगीची पट्टी आज एकेचाळीसवर आहे. सत्तावीस तारखेपर्यंत पंचाहत्तर होईल की नाही, मला सांगता येत नाही. रोज बघायची सवय लागली होती, आता तेही नाही.

चाव्या मॅडमच्या हातात दिल्या. हेमांगीने बघितलं आणि वही मिटून माझ्याजवळ आली.

"काका, तुम्ही कुठे चाललात?"

"खाली. रेकॉर्डरूमला."

"आमच्यामुळे?"

"माझ्यामुळे."

ती म्हणाली, "सोमवारपासून मी येत जाईन खाली. जेवायला, गप्पा मारायला. दहा-वीस मिनिटं."

"किती वाजता?"

"अकराला. बाजारातून आले की."

"येऊ नकोस," मी म्हटलं. "तुझा तास बुडेल."